धर्म : ईश्वरी मार्गदर्शन की सत्तेचे साधन?



काही दिवसांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर पदवीच्या वर्गात शिकणारा एक तरुण मशिदीत मागे थांबला. गर्दी ओसरल्यावर जवळ येऊन त्याने हलक्या आवाजात विचारले, “मौलाना, धर्म खरोखर माणसाच्या भल्यासाठी सुरू झाला, की लोकांना मुठीत ठेवण्यासाठी कुणीतरी तो रचला?” हाच प्रश्न त्याने घरी वडिलांना विचारला होता. कॉलेजात घातले तेच चुकले, एवढेच उत्तर त्याला मिळाले होते. मी त्याला म्हटले, “बेटा, प्रश्न विचारल्याने ईमान जात नाही. उत्तर शोधायचे सोडून दिले, तर मात्र ते सुकत जाते.” पाच मिनिटांत त्याला जे सांगता आले नाही, ते या पाठात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. असा मुलगा किंवा अशी मुलगी आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. घरच्यांनी दार लावून घेतले, तर ते उत्तरासाठी दुसऱ्या कोणाच्या दारी जाणारच.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा प्रश्न नवा नाही आणि धर्माच्या शत्रूंनीच तो काढला असेही नाही. धर्माच्या नावाने माणसाला गुलाम केले जाते, ही तक्रार सर्वांत कठोर शब्दांत दिव्य कुरआननेच मांडली आहे. सूरह तौबाच्या चौतिसाव्या आयतीत ईमानधारकांना सावध केले आहे की, पुष्कळ धर्मपंडित आणि संन्यासी लोकांचे धन अन्यायाने गिळंकृत करतात आणि त्यांना अल्लाहच्या मार्गापासून रोखतात. ही आयत मागील समुदायांविषयी बोलते, पण ती ऐकविली जात आहे ईमानधारकांना. शेजारच्या घराची आग दाखविताना वडीलधारा माणूस आपल्याच घरातील चुलीकडे लक्ष द्यायला सांगत असतो, तसेच हे आहे.

मग धर्माचा आरंभ कशात आहे? सूरह बकराच्या दोनशे तेराव्या आयतीत या प्रश्नाचे उत्तर आहे. तिचा आशय असा की, आरंभी सर्व माणसे एकच समुदाय होती. पुढे मतभेद झाले तेव्हा अल्लाहने प्रेषित पाठविले आणि न्यायनिवाड्यासाठी त्यांच्यासोबत ग्रंथ उतरविला. परंतु स्पष्ट प्रमाणे आल्यानंतरही त्या ग्रंथाबाबत मतभेद केले ते ज्यांना ग्रंथ मिळाला होता त्यांनीच, आणि त्याचे कारण कुरआनने एका शब्दात सांगितले आहे: ‘बग़्य’. एकमेकांवर कुरघोडी करण्याची लालसा, हक्काच्या मर्यादेपलीकडे हात टाकणे, असा त्याचा अर्थ. अज्ञानामुळे फूट पडली असे येथे म्हटलेले नाही. ज्ञान हाती आल्यानंतर त्या ज्ञानाचाच वर्चस्वासाठी उपयोग झाला, असे म्हटले आहे.

म्हणजे त्या तरुणाच्या प्रश्नातील दोन्ही बाजू कुरआनला ठाऊक आहेत. दीन हे अल्लाहकडून आलेले मार्गदर्शन आहे, ही एक गोष्ट. माणसाने त्या मार्गदर्शनावर कब्जा करून त्याचे वर्चस्वाचे हत्यार केले, ही दुसरी. पहिली दीनची कथा आहे आणि दुसरी ‘बग़्य’ची. या दोहोंची गल्लत झाली की एक तर धर्माच्या नावाने चाललेला प्रत्येक अन्याय आपण निमूटपणे सोसतो, नाही तर अन्यायाला कंटाळून दीनच टाकून देतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला दूर जावे लागत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी इ.स. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि धर्मग्रंथांचा आधार घेऊन शूद्रातिशूद्रांना कसे दास्यात ठेवले गेले, हे परखडपणे मांडले. धर्म हे नियंत्रणाचे साधन कसे बनते, याची इतकी रोखठोक मांडणी मराठीत त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. तरीही जोतीराव नास्तिक झाले नाहीत. विश्वाच्या निर्मात्याला त्यांनी ‘निर्मिक’ म्हटले. त्यांचा अखेरचा ग्रंथ ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आदरणीय प्रेषितांविषयी ‘मानव महंमद’ ही रचनाही त्यांनी केली. त्यांची सर्वच मते आपली नाहीत. पण धर्माच्या नावाने चाललेल्या गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या या माणसाने निर्मिक आणि त्याच्या नावाने माणसांनी मांडलेला व्यवहार यांत भेद केला, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरणही असेच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना तेथे मज्जाव होता, त्यांच्यापैकी कोणी पाणीच वाईट असते असे म्हटले नाही. मनाई माणसांनी घातली होती, तहान मात्र खरी होती. पाणवठ्यावर कुणी पहारा बसविला, यावरून पाण्याचे मोल कळते. तळे पहाऱ्यासाठीच खोदले होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता पाणी कोणते आणि पहारा कोणता, हे ओळखायचे कसे? कुरआन आणि सीरत यांच्या अभ्यासातून तीन कसोट्या हाती येतात. लाभ कोणाला होतो? आज्ञा देणाऱ्याला ती आज्ञा लागू आहे का? आणि ती माणसाला अल्लाहच्या दारी नेते, की मध्येच कुणाच्या उंबरठ्यावर अडवून ठेवते? या कसोट्या आपण आधी मक्केला लावू आणि मग स्वतःच्या घराला.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आगमनापूर्वी मक्केत धर्म नव्हता असे नाही. धर्म भरपूर होता. काबागृहाभोवती तीनशे साठ मूर्ती होत्या, हज होते, कुर्बानी होती, यात्रेकरूंना पाणी पाजण्याचे मान होते. या साऱ्यांची व्यवस्था कुरैशांच्या हाती होती. स्वतःला व आपल्याशी संबंधित काही कबिल्यांना ते ‘हुम्स’ म्हणत. आम्ही हरमचे रहिवासी, म्हणून आमचे नियम वेगळे, असा त्यांचा दावा होता. हजमध्ये इतर सर्व लोक अरफातच्या मैदानापर्यंत जात, पण हे हरमच्या हद्दीतच, मुज्दलिफा येथे थांबत. बाहेरून आलेल्या माणसाने तवाफ करायचा तो हुम्सांकडून मिळालेल्या वस्त्रातच. असे वस्त्र न मिळाले, तर गरिबाला उघड्या अंगाने अल्लाहच्या घराला प्रदक्षिणा घालावी लागे. हजरत इब्राहीम (अ.) यांनी सर्व मानवांसाठी उभारलेल्या घराची ही अवस्था झाली होती. पाणी इब्राहीम (अ.) यांचे आणि पहारा कुरैशांचा!

इस्लामने या पहाऱ्याचे काय केले? सूरह बकराच्या एकशे नव्याण्णवाव्या आयतीत आज्ञा आली की, जेथून सर्व लोक परततात तेथूनच तुम्हीही परता. म्हणजे अरफातला सर्वांनी जायचे, त्यात कुरैशही आले. हिजरी ९ मध्ये हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या हजमध्ये जाहीर करण्यात आले की, यापुढे कोणीही नग्नावस्थेत तवाफ करणार नाही. आज लाखो हाजी दोन साध्या चादरींत एकाच मैदानावर उभे राहतात, तेव्हा त्या दृश्यामागे हा इतिहास आहे. धर्म जर कुरैशांच्या सत्तेसाठी रचला गेला असता, तर कुरैश घराण्यातच जन्मलेल्या प्रेषितांनी (स.) कुरैशांचा हा मोठा मान आधी मोडला नसता.

पहिली कसोटी लाभाची. सूरह शुअरा या दृष्टीने मुद्दाम वाचावी. हजरत मूसा (अ.) यांचा सामना करण्यासाठी फिरऔनने जादूगार बोलाविले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आम्ही जिंकलो तर मोबदला मिळेल ना? फिरऔनने मोबदला तर कबूल केलाच, शिवाय दरबारात जवळचे स्थान देण्याचेही वचन दिले. पुढे त्याच सूरहमध्ये हजरत नूह, हूद, सालेह, लूत आणि शुऐब (अलैहिमुस्सलाम) यांच्या कथा येतात. हे पाचही प्रेषित आपापल्या लोकांना एकच गोष्ट सांगतात की, मी तुमच्याकडे कसलाही मोबदला मागत नाही, माझा मोबदला सर्व विश्वांच्या पालनकर्त्याकडे आहे. पाच वेळा तेच विधान! सत्तेची सेवा करणारा धर्म मजुरीपासून सुरू होतो आणि अल्लाहचा दीन मजुरी नाकारण्यापासून सुरू होतो, हा फरक एकाच सूरहमध्ये समोरासमोर ठेवला आहे.

मक्केत ही कसोटी प्रत्यक्ष पाहिली गेली. कुरैशांचा सरदार उतबा बिन रबीआ प्रस्ताव घेऊन आला. धन हवे असेल तर आम्ही तुम्हाला सर्वांत श्रीमंत करू, सरदारकी हवी असेल तर सरदार मानू, राज्य हवे असेल तर राजा करू, आणि काही आजार असेल तर आमच्या खर्चाने उपचार करवू. प्रेषितांनी (स.) त्याचे सारे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतले, बोलणे संपले ना म्हणून विचारले आणि मग सूरह हा-मीम सज्दाच्या आरंभीच्या आयती ऐकविल्या. उतबा परतला तेव्हा त्याचा चेहराच बदललेला होता, असे त्याच्याच सोबत्यांनी म्हटले. नियंत्रण हाच हेतू असता, तर ते त्या दिवशी रक्ताचा थेंबही न सांडता मिळत होते. ते नाकारून वाट्याला आली ती शिअबे अबी तालिबमधील सुमारे तीन वर्षांची उपासमार. सुमय्या (रजि.) यांची शहादत आणि बिलाल (रजि.) यांच्या छातीवरचा दगड याच काळातले.

येथे कोणी विचारील, मदीनेत तर अखेर सत्ता मिळालीच ना? प्रश्न रास्त आहे. म्हणून मिळालेल्या सत्तेचे काय केले, ते पाहावे. हिजरी ८ मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली हाती आली. आपल्याच घराण्यातून त्या किल्लीची मागणी झाली असतानाही प्रेषितांनी (स.) ती पूर्वीचेच किल्लीदार उस्मान बिन तल्हा (रजि.) यांना परत केली. जकात व सदका आपल्या कुटुंबियांसाठी निषिद्ध ठरविला. लहानग्या हसन (रजि.) यांनी सदक्याची एक खजूर तोंडात घातली, तर तीही बाहेर काढायला लावली. जवळजवळ संपूर्ण अरबस्तान ज्यांच्या आज्ञेत होता, त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत तीस साअ जवांच्या बदल्यात एका यहुदी व्यक्तीकडे गहाण होते. मागे दिनार नव्हता, दिरहम नव्हता.

दुसरी कसोटी आज्ञा देणाऱ्याला आज्ञा लागू आहे का, ही. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) अज्ञानकाळातील सर्व व्याज रद्द केले आणि त्याची सुरुवात आपले काका अब्बास बिन अब्दुल मुत्तलिब (रजि.) यांच्या व्याजापासून केली. जुने खुनाचे सूड रद्द केले, तेव्हाही पहिला रद्द केला तो आपल्याच घराण्यातील रबीआ यांच्या मुलाचा. मख़्ज़ूम घराण्यातील एका प्रतिष्ठित स्त्रीने चोरी केली आणि तिच्यासाठी रदबदली झाली, तेव्हा त्यांनी बजावले की, पूर्वीचे लोक याचमुळे नष्ट झाले. प्रतिष्ठिताने चोरी केली की सोडून देत आणि दुर्बलाने केली की शिक्षा करीत. माझी मुलगी फातिमा असती, तरी नियम बदलला नसता, असा त्या बोलण्याचा आशय होता.

तिसरी कसोटी अल्लाह आणि बंदा यांच्यामध्ये कोण उभा राहतो, ही. या बाबतीत एक प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. हिजरी १० मध्ये, म्हणजे इ.स. ६३२ मध्ये, प्रेषितांचा (स.) चिमुकला मुलगा इब्राहीम वारला. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्यही काळवंडला. क्षणभर विचार करा. लोकांच्या मनांवर राज्य करू पाहणाऱ्याला यापेक्षा मोठी संधी कोणती? काही बोलायचीही गरज नव्हती, नुसते गप्प राहिले असते तरी पुरे होते. परंतु शोकाकुल पित्याने नमाज पढविली आणि लोकांना सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. त्यांना कोणाच्या मरणाने अथवा जन्माने ग्रहण लागत नाही. स्वतःच्या गौरवासाठी लोकांचा एक भाबडा गैरसमजही त्यांनी टिकू दिला नाही.

याच संदर्भात सूरह ग़ाशियाच्या एकविसाव्या आणि बाविसाव्या आयती पाहाव्यात. तेथे अल्लाहने प्रेषितांना (स.) सांगितले आहे की, तुम्ही स्मरण करून देणारे आहात, लोकांवर ‘मुसैतिर’ नाही. ‘मुसैतिर’ म्हणजे ताबा ठेवणारा, दारोगा. आज ज्याला आपण नियंत्रण म्हणतो, नेमकी तीच गोष्ट! सूरह काफमध्ये ‘जब्बार’, म्हणजे जबरदस्ती करणारा, हा शब्द त्यांच्या बाबतीत नाकारला आहे, आणि सूरह बकरामध्ये दीनच्या बाबतीत सक्ती नाही हा नियम सांगितला आहे. नियंत्रणासाठी रचलेल्या ग्रंथाने आपल्या वाहकाचाच ताबेदारीचा अधिकार काढून घेतला, असे कोठे घडते?

उलट सत्ता जेव्हा धर्माची भाषा बोलते, तेव्हा ती कशी दिसते, हेही कुरआनने दाखविले आहे. सूरह मोमिनमध्ये फिरऔन मूसा (अ.) यांच्याविषयी म्हणतो की, हा तुमचा धर्म बदलून टाकील, अशी मला भीती वाटते. पुढे तो असेही म्हणतो की, मी तर तुम्हाला केवळ योग्य मार्गच दाखवितो. धर्मरक्षणाची काळजी आणि सन्मार्गाचा दावा, दोन्ही फिरऔनच्या तोंडी! आणि सूरह कसस सांगते की, हाच माणूस प्रजेचे गट पाडून त्यांतील एकाला दुर्बल करून ठेवीत होता. तेव्हा धर्माचे नाव कोण घेतो, यावरून काही ठरत नाही. त्या नावाखाली दुर्बलाचे काय होते, यावरून ठरते.

मुस्लिमांच्या इतिहासात असे घडले नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घडले. खिलाफतीची बादशाही झाली आणि बादशहांना दीनची मोहर हवी झाली. हदीसशास्त्राच्या विद्यार्थ्याला गियास बिन इब्राहीमची गोष्ट शिकविली जाते. अब्बासी खलीफा महदीला कबुतरांचा शौक होता. गियास दरबारात आला आणि त्याने शर्यतींविषयीची हदीस ऐकविली. उंट, घोडे आणि तीर यांचाच उल्लेख असलेल्या त्या हदीसमध्ये त्याने आपल्या पदरचा एक शब्द जोडला: पंख. खलीफा खूश झाला, दहा हजार दिरहम दिले. पण गियास पाठ फिरवून निघाला तेव्हा महदी म्हणाला की, ही मान खोटारड्याची मान आहे, आणि ज्यांच्यापायी प्रेषितांच्या (स.) नावावर खोटे रचले गेले, ती कबुतरे त्याने कापून टाकायला लावली. धर्म सत्तेचे साधन कसे होतो, ते या एका जोडलेल्या शब्दातून कळते. पण तो शब्द पकडला गेला, गियासचे नाव खोटे बोलणाऱ्यांच्या यादीत लिहिले गेले आणि आजही प्रत्येक मदरशात त्याच नावाने ते शिकविले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाण्यात काय मिसळले गेले, हे तपासण्याचे शास्त्र या उम्मतने स्वतःच उभे केले.

आणि ज्यांच्या फिकहवर आपण चालतो, ते इमाम कोठे होते? इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचा व्यापार करून स्वतःच्या कमाईवर जगत. खलीफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद त्यांनी नाकारले, त्यांना कैद झाली आणि हिजरी १५० मध्ये बगदादेत त्यांचे निधन झाले. इमाम मालिक (रह.) यांनी सांगितले की, जबरदस्तीने दिलेला तलाक लागू होत नाही. यावरून जबरदस्तीने घेतलेली राजनिष्ठेची शपथही बंधनकारक नाही, असा निष्कर्ष निघत होता. मदीनेच्या अधिकाऱ्याने त्यांना फटके मारले. खलीफा मामूनने हिजरी २१८ मध्ये एक मत सर्व आलिमांवर लादण्यास सुरुवात केली, तेव्हा इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी ते मानण्यास नकार दिला. त्यांनी बेड्या पत्करल्या आणि पुढे मुअ्तसिमच्या काळात चाबूक सोसले. दीन हे राज्यकर्त्यांचे साधन असते, तर दीनच्या सर्वांत मोठ्या जाणकारांना राज्यकर्त्यांनीच तुरुंगात का टाकले असते?

प्रिय वाचकहो, येथवर वाचून मनाला बरे वाटले असेल. आता त्याच तीन कसोट्या आपण आपल्या घराला लावू, कारण त्या तरुणाने मक्केचा किंवा बगदादचा इतिहास वाचून तो प्रश्न विचारला नव्हता. बोलता बोलता त्याने सांगितले की, आजोबांच्या निधनानंतर घरात वाटणी झाली, तेव्हा आत्याला हक्कसोडपत्रावर सही करायला लावली गेली. सही केली नाही तर माहेर तुटेल, असे तिला समजावले गेले. त्याच बैठकीत घरातील मुलींना पडदा आणि आज्ञाधारकपणा यांवर दीनचे दाखलेही दिले गेले. मुलाने दोन्ही ऐकले आणि त्याच्या मनाने निष्कर्ष काढला.

त्याचा निष्कर्ष दीनविषयी चुकीचा होता, पण घराविषयी बरोबर होता. सूरह निसाच्या सातव्या आयतीत मालमत्ता थोडी असो वा अधिक, स्त्रियांचा हिस्सा ठरलेला आहे असे स्पष्ट केले आहे. अकराव्या आणि बाराव्या आयतीत एकेक हिस्सा अपूर्णांकांत सांगितला आहे. त्यानंतरच्या दोन आयतींत या अल्लाहने आखलेल्या मर्यादा आहेत असे सांगून त्या ओलांडणाऱ्याला आगीची तंबी दिली आहे. वारसाहक्काचा एवढा तपशील कुरआनने दिला, तो आपण सातबाऱ्यावर येताना विसरतो आणि बहिणीला मात्र सबुरीचे सवाब सांगतो. बहिणीने खरोखर राजीखुशीने सोडले तर तो तिचा अधिकार आहे. पण हिस्सा हाती पडण्यापूर्वीच माहेर तुटण्याच्या भीतीने झालेल्या सहीला राजीखुशी कसे म्हणावे? जबरदस्तीच्या शपथेविषयी इमाम मालिक (रह.) यांनी फटके खाऊन जे सांगितले, ते येथे आठवावे.

मेहरचेही तसेच. निकाहनाम्यात रक्कम लिहिली जाते, आयुष्यभर दिली जात नाही, आणि नवऱ्याचा जनाजा अंगणात ठेवलेला असताना चार बायका विधवेच्या कानाशी लागतात, माफ कर म्हणून. तिच्या तोंडून त्या वेळी नकार निघणार कसा? अल्लाहने तिला दिलेला हक्क आपण दीनच्याच नावाने, सर्वांत असहाय क्षणी काढून घेतो.

आणि दुःखाने खचलेल्या आईला आजारी लेकरासाठी हजारो रुपयांचे तोडगे सांगणारा आमिल? तो तिला अल्लाहच्या दारी नेतो, की आपल्या उंबरठ्यावर बसवितो? अदी बिन हातिम (रजि.) पूर्वी ख्रिस्ती होते. आम्ही आमच्या धर्मगुरूंची पूजा तर करीत नव्हतो, असे ते म्हणाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, अल्लाहने हलाल केलेले ते हराम करीत आणि हराम केलेले हलाल करीत आणि तुम्ही ते मानीत होता, तीच त्यांची पूजा होती. तिर्मिजीतील या हदीसच्या प्रकाशात आपणही स्वतःला तपासायला हवे.

मी स्वतःलाही या कसोटीतून वगळत नाही. मी पगारी इमाम आहे. इमामाला पोटासाठी वणवण करावी लागू नये, म्हणून फुकहांनी असा पगार जायज ठरविला आहे. परंतु ट्रस्टी नाराज होतील म्हणून बहिणीच्या हिश्शावर जुमाचा खुत्बा देण्याचे मी टाळले, तर तो पगार मजुरी होऊन जातो, फिरऔनच्या दरबारात जादूगारांनी मागितली तशी. हे लिहिताना मला आठवते की, मीही काही जुमे असे टाळले आहेत. अल्लाह मला क्षमा करो.

अशा मुलामुलींच्या पालकांना माझी विनंती आहे. मुलाने हा प्रश्न विचारला, तर आवाज चढवू नका. त्याला सांगा की, धर्माच्या नावाने माणसांना दाबले गेले हे खरे आहे आणि कुरआननेही ते सांगितले आहे. त्याला हुम्सांची गोष्ट सांगा, ग्रहणाच्या दिवसाची सांगा, गहाण पडलेल्या चिलखताची सांगा. आणि त्यानंतर, घरात कोणा बहिणीचा किंवा आत्याचा हिस्सा अडकला असेल, तर तो मुलाच्या डोळ्यांदेखत देऊन टाका. शंभर प्रवचनांनी जे पटणार नाही, ते त्या एका कृतीने पटेल.

आणि प्रिय तरुणांनो, तुमची चीड अनाठायी नाही. अन्याय पाहून मन पेटते, हीच फितरतची निशाणी आहे. पण पहारेकऱ्यावरच्या रागाने पाणी पिणे सोडू नका. कसोटी हातात घ्या आणि ती प्रत्येकाला लावा, मौलानालाही आणि वडिलांनाही, मात्र अदब राखून. शेवटी ती स्वतःलाही लावा, कारण उद्या घरातील वाटणीच्या कागदावर तुमचेही नाव असेल.

तो तरुण निघताना म्हणाला होता, “मग आत्याच्या सहीचे काय?” मी म्हटले, “ते उत्तर पुस्तकात नाही, तुझ्या घरात आहे. वडिलांना माझा सलाम सांग आणि त्यांना सोबत घेऊन ये.” पुढच्या जुमाला बापलेक दोघेही आले होते. बोलणे अजून चालू आहे. दुआ करावी.

हे अल्लाह! तुझ्या दीनचे नाव घेऊन तुझ्या बंद्यांचा हक्क मारण्यापासून आम्हाला वाचव. जे आम्ही इतरांना सांगतो, ते आधी आमच्या घरात लागू करण्याची सद्बुद्धी दे. आमच्या मुलाबाळांना तुझे स्वच्छ पाणी मिळो आणि त्यावर आमचा पहारा नसो. आमीन.